हिरड्या सुजतात, तोंड कोरडे पडते, बरे वाटते आणि पुन्हा तेच: दीर्घ आजारातील तोंडाच्या तक्रारीचे निवारण

दीर्घ आजाराच्या रुग्णाची तोंडाची तक्रार बहुधा सर्वांत शेवटी सांगितली जाते. तपासणीची दहा मिनिटे सांधे, साखर, श्वास किंवा मूत्रपिंड यांच्यात संपतात, आपण दाराशी पोहोचतो, तिथून "हिरड्याही जरा दुखतात, तोंडाला कोरड पडते" असे म्हणतो आणि "पाणी भरपूर पीत जा" एवढे उत्तर घेऊन बाहेर पडतो. संधिवाताच्या अकरा वर्षांत हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. पाणी मी पीतही होते. उशाशी बाटली ठेवून रात्री तीनतीनदा उठत होते, आणि तरीही पहाटे जीभ टाळूला अशी चिकटलेली असे की ती सोडवताना चक्क आवाज येई.

त्याच काळात हिरड्यांचे चक्र ठरल्यासारखे चाले. आधी एका बाजूची हिरडी लाल होऊन हुळहुळू लागे, ब्रश लागला की रक्त येई, रक्त दिसले की मी ब्रश हलका करत असे किंवा त्या बाजूला नेतच नसे, गुळण्यांनी चार-पाच दिवसांत ठणका उतरे, मग गुळण्या थांबत, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच हिरडी, तोच लालपणा. प्रत्येक वेळी मी दुखण्यावर इलाज करत होते आणि दुखणे थांबले की इलाजही थांबवत होते. ही एक तक्रार नसून दोन आहेत, त्या एकमेकींना पोसतात, आणि एकीकडे दुर्लक्ष झाले की ती दुसरीला परत आणते, हे समजायला मला नको इतका वेळ लागला.

आधी कोरड तपासावी

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती नुसता ओलावा देत नाही. अन्नाचे कण ती धुऊन नेते, तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांच्या कवचाची बारीक झीज भरून काढतात, काही प्रथिने जंतूंना व बुरशीला आटोक्यात ठेवतात, आणि म्युसिन नावाचा बुळबुळीत घटक गालाच्या व हिरडीच्या नाजूक त्वचेवर पातळ अस्तर धरतो. हे अस्तर गेले की साधे गरम अन्नही झोंबते आणि हिरडी दातांवर, कवळीवर किंवा ब्रशच्या केसांवर कोरडीच घासली जाते. झोपेत लाळ सर्वांचीच जवळजवळ थांबते. ज्याची दिवसाही कमी आहे, त्याला रात्र सर्वांत जड जाते ती यामुळेच.

कोरड जाणवणे आणि लाळ खरोखर कमी असणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विश्रांतीच्या वेळची लाळ साधारण निम्म्यावर येईपर्यंत बहुतेकांना कोरड जाणवतच नाही, म्हणजे तक्रार सुरू होते तेव्हा बरेच पाणी वाहून गेलेले असते. उलट काहींची लाळ पुरेशी असूनही तोंडाने श्वास घेतल्यामुळे किंवा काळजीमुळे तोंड सुकल्यासारखे वाटत राहते. घरी पाहण्याच्या खुणा साध्या आहेत. कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसेल, बोलता बोलता जीभ अडखळत असेल, लाळ दोऱ्यासारखी चिकट किंवा फेसाळ दिसत असेल, जिभेच्या खाली एरवी साचणारे पाण्याचे तळे दिसत नसेल आणि जिभेचा पृष्ठभाग भेगाळलेला किंवा गुळगुळीत झाला असेल, तर लाळ खरोखर कमी आहे असे धरून पुढे जावे. माझ्या बाबतीत ही शंका प्रथम दंतवैद्यांना आली. त्यांनी तपासणीचा छोटा आरसा गालाच्या आतून फिरवला, आणि तो घसरण्याऐवजी गालाला चिकटला.

त्यानंतरची चाचणी मजेशीर वाटावी इतकी साधी होती. सकाळी काही न खाता-पिता, मान खाली घालून, हातात मापाच्या खुणा असलेला कप धरून पंधरा मिनिटे बसायचे, गिळायचे नाही, चघळायचे नाही आणि तोंडात जे साठेल ते कपात सोडायचे. साधारणपणे मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ यावी, ०.१ मिलिलिटरपर्यंत किंवा त्याखाली आली, म्हणजे पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी, तर ती निश्चितच कमी मानतात. माझ्या कपाच्या तळाशी जेमतेम एक मिलिलिटर फेस होता. इतकी वर्षे "पाणी पीत जा" ऐकल्यावर तो आकडा पाहून मला वाईट वाटण्याऐवजी हायसे वाटले, हे कबूल करायला हवे.

कोरडीबरोबर डोळ्यांतही वाळू गेल्यासारखे टोचत असेल, कानाखालचा भाग अधूनमधून सुजत असेल आणि सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन विकाराची तपासणी मागून घ्यावी. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि संधिवाताच्या सोबतीने येऊ शकतो. मधुमेहात साखर चढलेली असली की कोरड आणि हिरड्यांची सूज दोन्ही वाढतात, आणि हिरड्यांचा खोलवरचा दाह साखर आटोक्यात आणणे अवघड करतो. म्हणून मधुमेह्याच्या हिरड्या वारंवार सुजू लागल्या, तर टूथपेस्ट बदलण्याआधी गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर पाहावी.

गोळ्यांची वही

कोरडीचे सर्वांत मोठे कारण पुष्कळदा आजार नसतो, आजारावरची औषधे असतात. ॲलर्जीच्या जुन्या, झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेसाठी किंवा मज्जातंतूंच्या वेदनेसाठी रात्री दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलीन, मूत्राशयाची घाई कमी करणारी ऑक्सिब्युटिनिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मॉर्फीनच्या कुळातील वेदनाशामके, नैराश्यावरची अनेक औषधे: ही यादी शेकडोंची आहे. यांतले एखादे चालू असले तर शरीर निभावून नेते. तीन-चार एकत्र आली की त्यांचे परिणाम बेरजेने वाढतात, आणि दीर्घ आजाराच्या रुग्णाची प्रत्येक गोळी वेगळ्या तज्ज्ञाने वेगळ्या वर्षी लिहिलेली असल्याने ही बेरीज कुणीच केलेली नसते.

ती आपणच करावी. मी एका वहीत दहा दिवस दोनच गोष्टी लिहिल्या: कोणती गोळी किती वाजता घेतली, आणि कोरड किती वाजता सर्वांत जास्त वाटली, शून्य ते दहा अशा अंदाजाने. चौथ्या दिवशीच दिसू लागले की रात्री साडेदहाला घेतलेल्या दोन गोळ्यांनंतर मध्यरात्रीपासून आकडा आठच्या खाली येतच नव्हता. त्यांपैकी ॲमिट्रिप्टिलीन आवश्यक होती. दुसरी गोळी ॲलर्जीची होती, ती दोन वर्षांपूर्वीच्या एका शिंकांच्या हंगामात सुरू झाली होती आणि बंद करायचे कुणाच्याच लक्षात आले नव्हते, माझ्यासुद्धा. वही पाहून डॉक्टरांनी ती थांबवली आणि ॲमिट्रिप्टिलीनची मात्रा कमी केली. कोरड नाहीशी झाली नाही, पण रात्री तीनदा उठणे एकदावर आले. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. काही औषधे एकदम थांबवणे कोरडीपेक्षा कितीतरी धोक्याचे असते. "याला पर्याय आहे का, मात्रा कमी करता येईल का, वेळ बदलता येईल का" हे तीन प्रश्न मात्र नक्की विचारावेत.

औषधांच्या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. हिरडी दुखत नाही, पण दातांवर चढत चालल्यासारखी जाड होते, असे काहींच्या बाबतीत घडते. फिट्सवरील फेनिटोइन, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन आणि रक्तदाबावरील निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन यांनी अशी वाढ होऊ शकते. वाढलेल्या हिरडीखाली ब्रश पोहोचत नाही आणि मग सूज येतच राहते. इथे गुळण्यांनी काही साधत नाही. औषध लिहिणारे डॉक्टर आणि दंतवैद्य या दोघांनाही एकच माहिती द्यावी लागते.

रक्त आले म्हणून ब्रश थांबवू नये

हिरड्यांच्या सुजेचे मूळ बहुतांशी दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरात असते. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. हा प्रयोग वाचल्यावर माझ्या तीन-चार आठवड्यांच्या चक्राचे कोडे मला सुटले. दुखते म्हणून मी जो कोपरा सोडत होते, तिथे थर साचून नवी सूज यायला नेमका तेवढाच वेळ पुरत होता. लाळ कमी असल्याने तो थर धुऊन जाण्याची सोय नव्हती, आणि कोरड्या, अस्तर गेलेल्या हिरडीला तो निरोगी हिरडीपेक्षा लवकर झोंबत होता.

म्हणून रक्त येणारी जागा टाळायची नाही, तर हळुवारपणे पण रोज घासायची. अत्यंत मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा, हवे तर तो आधी कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरावा म्हणजे केस आणखी नरम होतात, आणि केसांची टोके दात व हिरडी यांच्या सांध्याकडे तिरकी धरून, जागच्या जागी थरथरल्यासारखे अगदी लहान हेलकावे द्यावेत. आडवे खसाखसा घासण्याने हिरडी सोलते आणि थर मात्र सांध्यातच राहतो. नीट घासल्यास आठ-दहा दिवसांत रक्त कमी होत गेले पाहिजे. कमी झाले नाही, तर दातांवर बहुधा कीटण, म्हणजे कडक झालेला थर, चढलेले असते. ते ब्रशने निघत नाही, दंतवैद्यांकडूनच काढून घ्यावे लागते. ज्यांचे केमोथेरपीचे उपचार चालू आहेत किंवा ज्यांच्या रक्तातील प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी आहेत, त्यांनी ब्रश वापरावा की नाही आणि कोणता, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हात साथ देत नसतील तर पद्धत कळूनही उपयोग होत नाही, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. सकाळी माझी बोटे वळत नाहीत आणि मनगट आत फिरत नाही. ब्रशची बारीक दांडी अशा वेळी घट्ट धरावी लागते, घट्ट धरली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की हिरडी सोलते. मी दांडीवर फोमची जाड नळी चढवली, ती मुठीत सैलसर धरता येते. घासण्याची मुख्य वेळ सकाळऐवजी रात्रीची ठेवली, कारण तेव्हा बोटे मोकळी असतात. आणि पुढे विजेवर चालणारा ब्रश घेतला, त्यात हात फक्त धरायला लागतो. दातांमधील फटींसाठी दोरा मला जमत नाही, पण लांब दांडीचा छोटा फटींचा ब्रश जमतो. रुग्णाच्या हातून हे होतच नसेल तर दुसऱ्या कुणी घासून द्यावे, आणि समोर उभे राहण्याऐवजी रुग्णाच्या मागे उभे राहून, त्याचे डोके आपल्याला टेकवून घासावे. आतले दात त्या बाजूने अधिक चांगले दिसतात.

टूथपेस्टमधील सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक काहींच्या कोरड्या तोंडाला झोंबतो. झणझणीत पुदिना, दालचिनीचा अर्क आणि दात पांढरे करणारे घटकही तसेच. हे नसलेली, सौम्य चवीची पेस्ट घ्यावी, पण फ्लोराइड सोडू नये. लाळेचे संरक्षण नसलेल्या दातांना, विशेषतः हिरडी मागे सरून उघड्या पडलेल्या मुळांना, ते इतरांपेक्षा जास्त लागते. नेहमीच्या पेस्टमध्ये ते १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असते, आणि कीड वेगाने लागत असेल तर दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देतात. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि लगेच चूळ भरू नये, नाहीतर लावलेले फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जाते.

गुळण्यांबद्दल

दुखऱ्या हिरड्यांसाठी माझा आधार अगदी साध्या पाण्यावर आहे: पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर कोमट पाणी, त्यात लहान चमच्याचा पाव भाग खाण्याचा सोडा आणि आठवा भाग मीठ. हे तोंडात हलकेच फिरवावे, जोरात खळखळू नये, थुंकावे आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. दुखणे चालू असताना दिवसातून चार ते सहा वेळा, विशेषतः खाल्ल्यावर, आणि रोज ताजे करून. सोड्यामुळे आम्लपणा उतरतो आणि चिकट लाळ सुटते. मिठाचे प्रमाण मनाने वाढवू नये. खारट पाणी जास्त झोंबते म्हणजे जास्त काम करते, असे नसते. मिठावर निर्बंध असलेल्यांनी ते गिळले जाणार नाही याची काळजी घ्यावी.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची गुळणी सुजेवर खरोखर परिणाम करते, पण ती थोड्या दिवसांची पाहुणी आहे. साधारण दोन आठवड्यांपुढे ती वापरत राहिल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते, आणि दीर्घ आजारात भूक आधीच कमी असताना चव गमावणे परवडत नाही. दात घासण्यात आणि या गुळणीत निदान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, कारण पेस्टमधील फेसाचा घटक तिचा प्रभाव कमी करतो. कोणतीही गुळणी घेताना बाटलीवरील मजकूर वाचून अल्कोहोल नसलेलीच घ्यावी. लवंगतेल थेट हिरडीवर लावू नये, आणि ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या जागी धरून ठेवू नये; दोन्हींनी हिरडी भाजते, आणि मग मूळ दुखणे कोणते व भाजल्याचे कोणते हे कुणालाच सांगता येत नाही.

कोरडीला दिलासा, आणि दिलाशातले सापळे

पाण्याचे छोटे घोट घ्यावेत, पण दर दोन मिनिटांनी घेत राहिल्यास उरलेसुरले म्युसिनचे अस्तरही धुऊन जाते आणि कोरड लवकर परतते. मी नेमके हेच करत होते. घोट जेवताना आणि बोलताना घ्यावेत, आणि मधल्या वेळात लाळेला चालना देणारे किंवा अस्तर धरणारे काही वापरावे. साखरविरहित, झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ असलेले च्युइंगम चघळल्याने ग्रंथींत जेवढी क्षमता उरली असेल तेवढी जागी होते; जबड्याचा सांधा दुखत असेल तर तशीच गोळी चोखावी. झायलिटॉल जास्त झाले तर पोट बिघडते, आणि घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडापासून दूर ठेवावे, कारण कुत्र्यांना ते विषारी आहे.

लिंबाने तोंडाला पाणी सुटते, हे खरे आहे, आणि तोच यातला मोठा सापळा आहे. आम्लपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र; दाताचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते, मुळाचा पृष्ठभाग त्याहूनही सौम्य आम्लात. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते तीनच्या दरम्यान असतो. ज्याच्या तोंडात आम्ल मारायला लाळच नाही, त्याने दिवसभर आंबट गोळी चोखणे म्हणजे दात आम्लात भिजत ठेवणे. खोकल्याच्या गोड गोळ्या आणि साखरेचे सिरप यांचेही तसेच; असे औषध घ्यावेच लागत असेल तर ते जेवणाबरोबर घ्यावे आणि नंतर चूळ भरावी. तंबाखू, मद्य आणि जास्त कॉफी यांनी कोरड वाढते, हे सर्वांना ठाऊक असते आणि फारसे कुणी ऐकत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

रात्रीसाठी कृत्रिम लाळेची जेल उपयोगी पडते. ती बोटाच्या पेरावर वाटाण्याएवढी घेऊन झोपण्यापूर्वी जिभेवर, गालांच्या आतून आणि हिरड्यांवर पातळ पसरावी. स्प्रे दिवसा ठीक असतो, पण रात्री लवकर उडून जातो. नाक चोंदल्यामुळे तोंड उघडे राहत असेल तर आधी नाकाचा इलाज करावा, नाहीतर कोणतीही जेल पुरणार नाही. खोलीत हवा दमट करणारे यंत्र ठेवल्याने फरक पडतो, आणि झोपेत श्वासाचे यंत्र लावणाऱ्यांनी त्याला आर्द्रतेची जोड आहे का ते पाहावे. ऑक्सिजन चालू असलेल्यांनी ओठांना व्हॅसलीनसारखे तेलकट मलम लावू नये, कारण ते पेट घेऊ शकते. पाण्यावर आधारित मलम घ्यावे. मूत्रपिंड किंवा हृदयविकारामुळे ज्यांचे पाणी मोजून आहे, त्यांना "पाणी प्या" हा सल्ला लागूच होत नाही. त्यांनी बर्फाचे लहान खडे दिवसाच्या मापात धरून चोखावेत, चूळ भरून थुंकावी आणि जेलवर भर द्यावा.

एवढ्यानेही भागत नसेल आणि ग्रंथी थोड्याफार जिवंत असतील, तर पायलोकार्पिनसारखी लाळ वाढवणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात. तिने घाम बराच येतो, आणि आटोक्यात नसलेला दमा किंवा काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असल्यास ती चालत नाही, म्हणून ती मागताना आपले सगळे आजार सांगावेत.

जे हिरड्यांचे दुखणे वाटते आणि नसते

लाळ कमी झाली की बुरशीला वाव मिळतो. पांढरे, दह्याच्या कणांसारखे, पुसल्यावर खाली लाल दिसणारे चट्टे ही तिची ओळखीची खूण आहे, पण कवळीखाली ती नुसता लालभडक, गुळगुळीत टाळू म्हणून दिसते, ओठांच्या कोपऱ्यांत भेगा पाडते, आणि आग होत असल्याने हिरड्याच सुजल्याचा भास होतो. दम्याच्या स्टेरॉइड इनहेलरनंतर चूळ भरून थुंकणे, कवळी रात्री काढून घासून पाण्यात ठेवणे आणि साखर आटोक्यात ठेवणे या तीन गोष्टींनी तिची पुनरावृत्ती बरीच थांबते. बुरशीचे औषध तोंडावर चालते, पण कवळी तशीच राहिली तर तिच्यातून बुरशी परत येते. कवळीचाही इलाज त्याच दिवसांत व्हावा लागतो. बुरशीवरचे निस्टॅटिनचे थेंब आणि क्लोरहेक्सिडिन एकामागोमाग वापरू नयेत, कारण ती एकमेकांना निकामी करतात.

तोंड येणे ही आणखी वेगळी गोष्ट आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना गालात, जिभेच्या कडेला आणि हिरडीवर फोड येऊ शकतात, आणि सोबत दिली जाणारी फॉलिक ॲसिडची गोळी चुकली की ते वाढतात. माझ्या एका अशाच फेरीत मी आठ दिवस ब्रशला दोष देत बसले होते. फॉलिक ॲसिडची पट्टी संपून दोन आठवडे झाले होते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले असेल, किंवा फोडांबरोबर ताप, खूप थकवा वा अंगावर निळे डाग दिसत असतील, तर ती औषधाच्या विषबाधेची खूण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे लागते.

त्याच दिवशी फोन करण्याच्या इतर गोष्टीही मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या आहेत: केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, गाल, जबडा किंवा जिभेखालची जागा सुजणे, तोंड उघडता न येणे किंवा गिळताना त्रास, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव. श्वास अडत असेल तर फोनसाठीही थांबू नये, थेट तातडीच्या विभागात जावे. दोन आठवड्यांत भरून न आलेला व्रण, कारण नसताना हलू लागलेला दात, हिरडीतून पू येणे, किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट वा डेनोसुमॅब घेणाऱ्याच्या तोंडात उघडे हाड दिसणे, यांसाठी त्या आठवड्यातच वेळ घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी हिरडीतून रक्त येते म्हणून स्वतः थांबवू नये. दंतवैद्यांना मात्र दात काढण्यापूर्वी या सर्व औषधांची यादी दाखवावी. "त्यांना दातांशीच काम, बाकीचे कशाला सांगायचे" असे मीही एकेकाळी समजत असे.

दंतवैद्यांकडे मी आता चार महिन्यांनी जाते, दुखत असो वा नसो. तरीही सूज अधूनमधून येते. आली की मी नवे काही विकत घेण्याआधी वही उघडते आणि मागच्या तीन आठवड्यांत काय सुटले ते शोधते: एखादी नवी गोळी, संपलेले फॉलिक ॲसिड, जेल न लावता झोपलेल्या रात्री. बहुतेक वेळा उत्तर एकच निघते. उजवीकडच्या खालच्या दाढांची जिभेकडची बाजू, जिथे मनगट वळवावे लागते, ती सांधे दुखण्याच्या दिवसांत घासायची राहून गेलेली असते. आता रात्री ब्रश हातात घेतला की मी सुरुवातच त्या दाढांपासून करते.